‘समजलं’च्या जागी ‘ठीक’

३ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी वही लिहायला सांगितली आहे. छातीत धडधडतं म्हणून गेलो होतो. त्यांनी अंगाला तारा लावल्या, दोन जिने पळत चढायला लावलं आणि शेवटी म्हणाले, "हृदय उत्तम आहे. डोकं सांभाळा. मनात जे घोळतं ते कागदावर उतरवत जा." रोज जमणार नाही. पण लिहीन तेव्हा खोटं लिहायचं नाही, एवढं ठरवलं आहे. आणि इथे खाडाखोड चालेल. माझ्या कामात ती चालत नाही.

काम काय, ते एकदा लिहून ठेवतो. दोनशे बारा चष्म्याच्या दुकानांत आमचा छोटा कॅमेरा आहे. तो डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढतो आणि दुकानातला संगणक निकाल देतो. हिरवा म्हणजे चिंता नाही, लाल म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. फोटो दुकानाबाहेर जात नाही. प्रत्येक संगणक आपल्या दुकानदाराच्या उत्तरांवरून शिकतो आणि शिकलेलं तेवढं बाकीच्या संगणकांना कळवतो. कुणी कधी काय बदललं याची नोंद ब्लॉकचेनवर, आमच्या बोलण्यात साखळीवर, सगळ्या दुकानांत एकदम उमटते. उमटली की कुणाच्या बापाला खोडता येत नाही. मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश दुकानांची मतं लागतात. सगळं उघडणारी मुख्य किल्ली अशी नाहीच. माझ्याकडेही नाही.

ते मुद्दाम केलं. याआधी मी डिजिटल नाण्यांची कंपनी काढली होती. तिची किल्ली एकाच भागीदाराकडे होती आणि एक दिवस तो फोनच उचलेनासा झाला. तेव्हाच कानाला खडा लावला.

गेल्या आठवड्यात एका परिषदेत म्हणालो, "माझ्या हातात काही नाही, हेच माझं यश!" टाळ्या पडल्या. घरी बाबांना सांगितलं. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. आता माझ्याकडे राहतात. ते म्हणाले, "हातात काही नाही म्हणून टाळ्या? आमच्या वेळी गिऱ्हाईक परत जायचं."

६ मार्च, गुरुवार

दिवसभर फालतू कामं. त्यातलं सर्वांत फालतू हे: फोटो नीट आला नाही की संगणकाच्या पडद्यावर पाटी येते, ‘फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा काढा’. खाली बटण, ‘समजलं’. दुकानांतल्या छोट्या पडद्यांवर हा शब्द मोडतो. ‘समज’ वर आणि ‘लं’ खाली. अकरा तक्रारी आल्या. एका दुकानदाराने विचारलं, "हे ‘लं’ काय आहे? माझ्याकडून काही राहिलंय का?"

‘समजलं’ काढून ‘ठीक’ केलं. चार मिनिटांचं काम. दर्शनी बदलांना मतदान लागत नाही.

माझी भागीदार तक्रार करत आली. यंत्राला शिकवण्याचा सगळा भाग तिने लिहिला आहे. तिचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू होतं म्हणून कॉलेजपासून तिला पणबाई म्हणतात. "पण मला विचारायचंस ना," ती म्हणाली. म्हटलं, एका बटणासाठी काय सभा बोलवायची? ती हसली नाही. तिला हसवायचं तर तेही आधी सिद्ध करून द्यावं लागतं.

१२ मार्च, बुधवार

आजचा दिवस जिंकला! गुंतवणूकदार स्वतः दुकान बघायला आले. अर्थात ताईचं दुकान. माझी ही मोठी बहीण वीस वर्षं चष्म्याच्या धंद्यात आहे आणि आमचा पहिला कॅमेरा तिच्याचकडे बसला. तपासायला कुणीतरी हवं होतं, तर बाबांनाच नेलं. एका दगडात दोन कामं झाली, कारण आठ दिवस त्यांची भुणभुण चालू होती की डाव्या डोळ्यापुढे काहीतरी तरंगतं.

बाबा ऐटीत स्टुलावर बसले. हनुवटी टेकवली. मी स्वतः फोटो काढला. मधेच ती पाटी आली. गुंतवणूकदार मागून वाकून बघत होते. मी झटकन ‘ठीक’ दाबलं आणि पुढच्या क्षणी हिरवा! गुंतवणूकदार "वा!" म्हणाले. त्यांच्याबरोबरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाली, "अजून एक काढूया का रे?" मी तिच्याकडे असं बघितलं की ती चष्मे पुसायला लागली.

परत येताना बाबांना म्हटलं, "ऐकलंत ना? डोळे एकदम छान आहेत."

"हो का? बरं झालं," ते म्हणाले.

पैसे द्यायचे की नाही, हा निर्णय दहा एप्रिलला कळवणार आहेत. तोवर जीव टांगणीला.

२० मार्च, गुरुवार

आठ दिवसांत धडधड दोनदाच. दोन्ही वेळा गुंतवणूकदारांचा फोन वाजला तेव्हा. हिरव्या निकालांचं प्रमाण वाढलं आहे, त्यांना तो आलेख फार आवडला. लोकांचे डोळे सुधारले की आमचं यंत्र हुशार झालं, असं त्यांनी गमतीने विचारलं. मी म्हटलं, दोन्ही.

बाबांनी तेव्हापासून डोळ्याचं नावही काढलेलं नाही. हिरव्या दिव्याने भुणभुण बंद होते, हेही जाहिरातीत घालायला हवं.

मात्र त्यांचं लक्ष हल्ली कुठे असतं कोण जाणे. आज भांड्यातून पेल्यात पाणी ओतताना ते पेल्याशेजारी ओतलं, थेट माझ्या कागदांवर. मी चिडलो. नको तेवढा चिडलो. त्यांनी फडकं आणलं. काल शेजारच्या बाई घड्याळ घेऊन आल्या, तर "आता हे काम सोडलं," म्हणून परत पाठवलं. ही कसली अवदसा? काम सोडलं की माणूस लवकर म्हातारा होतो. त्यांच्याशी एकदा नीट बोलायला हवं. दहा तारखेनंतर.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी ताईचा फोन.

तिच्याकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई येतात. त्यांना दोनदा हिरवा मिळाला. तरी सुईत दोरा जाईना म्हणून त्या आपणहून डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या. डोळ्याच्या आत रक्त उतरलेलं निघालं.

"दोनदा हिरवा कसा येतो रे?" ताई म्हणाली.

"तू लेन्स पुसतेस का रोज?"

"मी वीस वर्षं काचाच पुसतेय. मला शिकवू नकोस."

शब्दाला शब्द वाढला. मी म्हटलं, यंत्र दुकानदारांकडूनच शिकतं, दुकानदार आळस करायला लागले तर यंत्र काय करणार. ती म्हणाली, "बाबांना एकदा परत पाठव दुकानात. त्यांचाही अस्पष्ट आला होता त्या दिवशी."

"पाठवतो. दहा तारखेनंतर. आत्ता माझ्या डोक्याला हजार ताप आहेत."

सगळ्या दुकानांना सूचना पाठवली: लेन्स रोज पुसा.

२ एप्रिल, बुधवार

पणबाई दुपारी तिचा संगणक घेऊन माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. ती दार कधी लावत नाही.

"पण हे लेन्सचं नाहीये," ती म्हणाली. "अस्पष्ट फोटोंना पूर्वी निकालच मिळायचा नाही, पुन्हा काढावा लागायचा. गेल्या महिन्यात अस्पष्ट फोटो आला की सरळ हिरवा. सगळ्या दुकानांत. आणि फोटो अस्पष्ट येतो तो फक्त कॅमेरा हलला म्हणून नाही. डोळ्यात मोतीबिंदू असेल, रक्त असेल, तरी तो धूसरच येतो. म्हणजे आपण नेमक्या आजारी डोळ्यांना हिरवा देतोय."

मी म्हटलं, दुकानदारांनी काहीतरी पळवाट शोधली असणार. गिऱ्हाईक घाईत असतं, पुन्हा फोटो काढायचा कंटाळा.

"पण दोनशे बारा माणसांना एकाच आठवड्यात कंटाळा येतो?"

आठवडा कोणता, ते विचारायचं सुचलं नाही. की सुचलं आणि विचारलं नाही? खोटं लिहायचं नाही असं ठरलं आहे. सुचलं होतं.

३ एप्रिल, गुरुवार

साखळी उघडली. तिथे होतंच.

६ मार्च, दुपारी २ वाजून १४ मिनिटं. बदल: ‘समजलं’ऐवजी ‘ठीक’. बदल करणारा: मी.

दुकानदार फोटो बघून शेवटी दोनपैकी एक बटण दाबतो. एक ‘ठीक’, म्हणजे डोळा ठीक आहे. दुसरं ‘डॉक्टरांकडे’. यंत्र बटण कुठल्या पाटीवरचं आहे ते बघत नाही, दाबलेला शब्द वाचतं. म्हणजे ‘फोटो अस्पष्ट आहे’ या पाटीवर दुकानदाराने ‘ठीक’ दाबलं, त्याच्या मनात ‘बरं, कळलं, पाटी घालव’. यंत्राने वाचलं, डोळा ठीक. लगेच हिरवा दिवा, आणि वर ते शिकलंही: धूसर म्हणजे निरोगी. मग हे ज्ञान दोनशे बारा संगणकांनी एकमेकांना मोठ्या प्रेमाने सांगितलं.

खुर्चीवर बसलो तर खुर्ची मागे सरकली. चार मिनिटांचं काम!

पणबाईला सांगितलं. ती ‘पण’ म्हणाली नाही. म्हणाली, "शब्दावरून वाचायचं मीच लिहिलंय. प्रत्येक बटणाला खुणेचा आकडा द्यायला हवा होता, शब्द नाही." अर्धी चूक ती घ्यायला तयार होती आणि मला ती देऊन टाकावीशी वाटली, हेही लिहून ठेवतो.

बटण लगेच बदललं. पण शिकलेलं तसंच आहे. ते काढून यंत्र थांबवायचं म्हणजे मोठा बदल. एकशे बेचाळीस मतं. किल्ली नाही. किल्ली असती तर आज दहा मिनिटांत थांबवलं असतं.

४ एप्रिल, शुक्रवार

गुंतवणूकदारांना सांगायलाच हवं होतं, फोन केला. ते शांत. त्यांची शांतता मला आरडाओरड्यापेक्षा जड जाते.

"चूक हा शब्द वापरू नका," ते म्हणाले. "सुधारणा म्हणा. आणि दहापर्यंत मतदान कशाला? हा निर्णय होऊ दे, मग काय ते करा."

"लोकांचे डोळे आहेत हो."

"सहा दिवसांत कुणी आंधळं होत नाही."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मधला मार्ग काढला, आणि मधला मार्ग काढताना मला नेहमी फार शहाणं वाटतं. आजच मतदान लावलं, पण मजकूर गुळगुळीत लिहिला: ‘निकालप्रक्रियेत सुधारणा करण्यासाठी सेवा तात्पुरती थांबवण्याबाबत आपलं मत नोंदवा.’ माझं नाव नाही, कारण नाही.

संध्याकाळपर्यंत एकोणीस मतं. आणि एकशे एकतीस जणांनी पाटी नुसती बंद केली. पणबाईने पडदा माझ्याकडे वळवला. मतदानाच्या पाटीवर, खालच्या कोपऱ्यात, बंद करायचं बटण होतं. त्यावर ‘ठीक’.

ही पाटी जुन्याच पाटीवरून बनवली होती, ते काढायचं राहिलं होतं. मी हसायला लागलो आणि थांबता येईना. पणबाई पाणी घेऊन आली.

७ एप्रिल, सोमवार

शनिवारपासून फोनवर. एकेका दुकानदाराला गाठायचं. आवाज बसला. मतं एकतीस.

कुणी कामात, कुणी "बघतो". जुन्या पेठेतले एक आजोबा तेवढे स्पष्ट बोलले. पन्नास वर्षं चष्मे विकतायत.

"साहेब, थांबवा म्हणून मत दिलं, म्हणजे आम्ही इतके दिवस चुकीचे निकाल दिले असं आमच्याच नावाने लिहिलं जाणार. बरोबर?"

"तसं नाही, म्हणजे..."

"आणि ते खोडता येत नाही. तुम्हीच सांगितलं होतं, हार घालून उद्‌घाटन केलं तेव्हा. उद्या कुणी गिऱ्हाईक अंगावर आलं तर मी काय दाखवू? चूक नेमकी कुणाची, ते तुमच्या पाटीत कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, तपास चालू आहे. फोन ठेवल्यावर कान गरम झाले होते.

ताईला फोन केला, निदान तिचं मत तरी. "दिलं शुक्रवारीच," ती म्हणाली. "आणि तू काय दुकानदारांच्या नावाने खडे फोडतोयस? आधी तुझं लिही. मग लोक लिहितील." एवढं बोलून तिने फोन ठेवला. ती लहानपणीही अशीच भांडायची, एक वाक्य बोलून खोलीबाहेर.

बाबांनी विचारलं, "काही बिनसलंय का?" म्हटलं, काही नाही. ते भिंतीला हात लावत त्यांच्या खोलीत गेले. घरातला दिवा गेला आहे का म्हणून मी वर बघितलं. दिवा होता.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी नऊ वाजता साखळीवर लिहिलं. मजकूर इथेही उतरवून घेतो:

‘६ मार्चला मी अस्पष्ट फोटोच्या पाटीवरचा शब्द बदलला. कुणाला विचारलं नाही. त्या शब्दामुळे अस्पष्ट फोटोंना हिरवा निकाल मिळाला आणि यंत्र चुकीचं शिकलं. दुकानदारांनी पाटी बंद करण्यासाठी बटण दाबलं, त्यात त्यांची चूक नाही. १ एप्रिलला एका दुकानदाराने मला सावध केलं, तेव्हा मी लेन्सवर खापर फोडलं. चूक माझी आहे. यंत्र थांबवण्यासाठी मत द्या आणि ज्यांना असा हिरवा मिळाला त्यांना परत बोलवा.’

पाठवायच्या आधी पणबाईने तीनदा वाचलं. "पण हे कायमचं राहील," ती म्हणाली.

"हो."

"पण माझाही भाग घाल."

तिचा एक ओळीचा भाग तिने स्वतःच लिहिला. मग दोघांनी मिळून ते बटण दाबलं, आणि त्यावर ‘पाठवा’ लिहिलं आहे याची आधी खात्री करून घेतली.

साडेदहापर्यंत साठ मतं. दुपारी बाराला एकशे आठ. आजोबांचं मत आलं तेव्हा मला रडू आलं, खरंच, ऑफिसात, सगळ्यांसमोर. एक वाजून चाळीस मिनिटांनी एकशे बेचाळिसावं मत पडलं आणि दोनशे बारा यंत्रं थांबली. सुरू झाल्यापासून ती कधी एकदम गप्प झाली नव्हती.

गुंतवणूकदारांचा तीन ओळींचा निरोप आला. शुभेच्छा दिल्या आहेत. म्हणजे संपलं. दोन वर्षांची खटपट आणि मला चक्क भूक लागली होती.

९ एप्रिल, बुधवार

अस्पष्ट फोटोंवर दिलेले सहाशे अकरा हिरवे निकाल. आमच्याकडे फक्त क्रमांक. नावं ज्या त्या दुकानात. आम्हीच तसं बांधलं, कुठला डोळा कुणाचा हे आम्हाला कळू नये म्हणून. त्यामुळे प्रत्येक दुकानदार आपापल्या माणसांना फोन करतोय आणि मी दुकानदारांना. संध्याकाळपर्यंत चारशेवर लोकांना निरोप पोचला. धडधड नाही. उलट बऱ्याच दिवसांनी स्वतःबद्दल जरा बरं वाटलं. चूक कबूल करणारा माणूस वगैरे.

ताईला फोन केला. "तुझे किती?"

"सात."

"सगळ्यांना कळवलं?"

"सहांना."

"सातव्यांचा नंबर लागत नाही का? मला दे, मी करतो."

ताई म्हणाली, "ते तुझ्या घरात असतात रे."

बाबा खिडकीशी बसले होते. वर्तमानपत्र हातात होतं. ते एका बाजूला मान वळवून वाचत होते. असं ते किती दिवस वाचतायत?

मीच दाबलं होतं.

११ एप्रिल, शुक्रवार

डोळ्यांच्या दवाखान्यातून आलो. काल सगळ्या तपासण्या झाल्या, आज डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं आणि त्याच्याआड पडदा सुटत गेला. "नुसतं काहीतरी तरंगतंय असं वाटत होतं, तेव्हा आले असते तर लेसरवर भागलं असतं," त्या म्हणाल्या. "आता मोठं ऑपरेशन. उजेड-अंधार कळेल. वाचण्याइतकी नजर येईल असं मी सांगणार नाही. उजवा डोळा चांगला आहे, तो आपण जपू." त्या आवाज न चढवता बोलल्या. मी तारखा विचारल्या नाहीत, त्या मला पाठ आहेत.

ऑपरेशन सोमवारी. बाहेर बाकावर बसलो, कागद तयार होईपर्यंत. मी जे केलं ते बाबांना सगळं सांगितलं. बटण, शब्द, गुंतवणूकदार, ताईला उडवून लावलं ते. सांगताना माझाच आवाज मला कुणा परक्याचा वाटत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घड्याळाचं झाकण काढून आत बघताना ते असेच बसायचे, मधे न बोलता.

"दिसत नव्हतं तर बोलला का नाहीत बाबा?" मी विचारलं. विचारायचा मला हक्क नव्हता, तरी विचारलं.

"काय बोलायचं? मशीन म्हणालं, चांगला आहे. तू म्हणालास, चांगला आहे. एवढी शिकलेली माणसं टाळ्या वाजवत होती. मी म्हटलं, मलाच नीट बघता येत नसेल."

त्यांनी माझ्या बाजूला हात पुढे केला, माझा गुडघा चाचपून शोधला आणि त्यावर थोपटलं.

"मशीनचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"बंद केलं."

"माझ्या डोळ्यामुळे?"

"नाही. तुमचं कळायच्या आदल्या दिवशी."

"मग बरं," बाबा म्हणाले. "मला वाटलं, माझ्यामुळे तुझं काम बुडालं."